बाळंतपण कुठे, कसं आणि कोणाकडे? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या गरोदर बायका, त्यांचे नवरे, आया आणि सासवा यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या तब्येतीचा निर्णय तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. बाकी, यातल्या बऱ्याच उत्तरांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, तो आधीच सांगून टाकते: रात्री दोन वाजता काही बिघडलं, तर तिथे कोण असेल? आणि कोणी नसेल, तर पुढचं ठिकाण किती लांब आहे?

घरी केलेली टेस्ट पॉझिटिव्ह आली. आई म्हणते, तीन महिने कोणाला सांगू नको. डॉक्टरकडे तरी कधी जायचं?

नातेवाइकांना खुशाल चौथ्या महिन्यात सांगा. डॉक्टरला मात्र लगेच. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवायचं असतं, कारण तारीख नक्की करण्यासाठी आणि काही तपासण्यांसाठी हेच दिवस असतात. फोलिक ॲसिडची गोळीसुद्धा याच काळात खरी कामाची असते. दिवस राहण्याआधीपासून घेतली तर आणखी चांगलं.

पोटात एका बाजूला जोरात दुखणं, रक्त जाणं, चक्कर येणं असं काही झालं तर नंबर लावून बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा. गर्भ नळीत राहिला असेल तर तो जिवावरचा प्रसंग असतो.

खासगी डॉक्टरकडे जाणार असलात, तरी आशाताईंकडे किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरकडे नोंद करून माता व बाल संरक्षण कार्ड घ्याच. सरकारी योजनांचे पैसे त्या नोंदीवरच मिळतात, आणि ऐनवेळी सरकारी रुग्णालयात जावं लागलं तर तुमची माहिती तिथे असते.

एकूण किती वेळा तपासायला जायचं?

सरकारी हिशेबाने कमीत कमी चार वेळा: बारा आठवड्यांच्या आत, १४ ते २६ आठवड्यांत, २८ ते ३४ आठवड्यांत आणि ३६ व्या आठवड्यानंतर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली हा आकडा आठवर नेला. खासगीत साधारण सातव्या महिन्यापर्यंत दर महिन्याला, मग पंधरा दिवसांनी आणि शेवटी दर आठवड्याला बोलावतात.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांना त्या दिवशी डॉक्टर स्वतः तपासतात, पैसे लागत नाहीत. जोखमीचं बाळंतपण ओळखण्यासाठीच तो दिवस ठेवला आहे.

प्रत्येक भेटीत वजन आणि रक्तदाब पाहिला पाहिजे, पोट तपासलं पाहिजे. लघवी आणि हिमोग्लोबिनची तपासणी ठरल्या वेळी झाली पाहिजे. नुसत्या गोळ्या लिहून पाठवत असतील, तर "बीपी बघायचं राहिलं" असं सरळ म्हणा. त्यात उद्धटपणा काही नाही.

कोणती सोनोग्राफी टाळून चालणार नाही?

पैसे मोजूनमापून असतील तर १८ ते २० आठवड्यांची, म्हणजे ॲनॉमली स्कॅन. त्यात बाळाचे हृदय, मणका, मेंदू, मूत्रपिंड हे सगळं बारकाईने पाहतात, आणि वार (म्हणजे प्लॅसेंटा, जिच्यातून बाळाचं पोषण होतं) कुठे चिकटली आहे तेही कळतं. त्याआधीची ११ ते १३ आठवड्यांची सोनोग्राफी तारीख पक्की करते, आणि सोबतच्या रक्तचाचणीने डाउन सिंड्रोमसारख्या दोषांची शक्यता चाळून घेता येते.

विसावा आठवडा उलटू देऊ नका, त्याला कारण आहे. गंभीर व्यंग निघालंच, तर पुढच्या चाचण्या आणि निर्णय यांना वेळ लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांनाच परवानगी आहे आणि दोन डॉक्टरांचं मत लागतं. त्यापुढे, गर्भात मोठं व्यंग असेल तरच, प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे जातं. संमती त्या बाईची लागते; ती सज्ञान असेल तर नवऱ्याच्या सहीची अट कायद्यात नाही.

मुलगा की मुलगी हे विचारू नका आणि कोणी सांगतो म्हटलं तरी ऐकू नका. महाराष्ट्राने याविरुद्ध देशात सगळ्यात आधी, १९८८ साली, कायदा केला. १९९४ साली तो देशभरासाठी झाला.

रक्ताच्या तपासण्यांचं काय? यादी वाचूनच घाबरायला होतं.

यादी लांब दिसते, पण बहुतेक एकाच वेळच्या रक्तात होतात: रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, कावीळ ब, सिफिलिस. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय, ७ च्या खाली असेल तर तीव्र रक्तक्षय; तेव्हा गोळ्यांवर भागत नाही, दाखल करून उपचार करावे लागतात.

साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह समजतात. पहिल्यांदा ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत ही तपासणी पुन्हा करायची असते, आणि नेमकी तीच राहून जाते.

विदर्भातल्या किंवा नंदुरबार भागातल्या कुटुंबांनी सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी नवरा-बायको दोघांची करून घ्यावी. तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर साधारण २८ व्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शन देतात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्याकडे पद्धत आहे. तपासणी पुण्यात चालू आहे, माहेर सांगोल्याजवळ. काय करावं?

पद्धत वाईट नाही. आईच्या हातचं जेवण, रात्री बाळाला घ्यायला कोणीतरी, मोकळेपणाने रडता येईल असं घर, हे बाळंतिणीला औषधाइतकंच लागतं. अडचण वेगळीच आहे: ज्या डॉक्टरने सात महिने तुम्हाला पाहिलं तो बाळंतपणाला नसतो, आणि जो असतो त्याने तुम्हाला पाहिलेलं नसतं.

म्हणून डोहाळजेवण झालं की बॅग भरून निघायचं, असं करू नका. पाचव्या-सहाव्या महिन्यात सणावाराला माहेरी जाणं होतंच; त्याच फेरीत तिथल्या डॉक्टरला एकदा दाखवा आणि नाव घाला. कायमचं जायचं ते ३२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान. नववा लागल्यावर एसटीने घाट उतरत जाण्यात काही शहाणपण नाही. विमानाने जायचं असेल तर कंपन्या शेवटच्या आठवड्यांत डॉक्टरचं पत्र मागतात, काही आठवड्यांनंतर बसूच देत नाहीत.

आणि फाइल. रात्री कळा देत आलेल्या बाईची फाइल सिस्टर उघडते तेव्हा ती भराभर चारच गोष्टी शोधते: शेवटच्या पाळीची तारीख, रक्तगट, अलीकडचं हिमोग्लोबिन आणि वार कुठे आहे ते. फाइलमध्ये सोनोग्राफीचे काळे-पांढरे फोटो प्लॅस्टिकच्या कप्प्यात नीट लावलेले असतात. ज्या कागदावर हे सगळं लिहिलेलं असतं तो मात्र सासरच्या कपाटात राहिलेला असतो. मूळ कागद सोबत न्या आणि प्रत्येकाचा फोटो फोनमध्ये ठेवा, तुमच्या आणि नवऱ्याच्याही.

बीपी वाढलेलं आहे, जुळं आहे, वार खाली आहे, आधीचं सिझर आहे, साखर आहे, यांपैकी एक जरी असेल तर माहेर-सासर हा वाद बाजूला ठेवून जिथे चोवीस तास ऑपरेशन आणि रक्त मिळतं तिथेच राहा. आईला तिकडे बोलवून घेता येतं.

सरकारी रुग्णालय की खासगी?

"सरकारीत कोण जातं" असं म्हणणाऱ्यांच्या पेशंटचं बीपी हाताबाहेर गेलं की छोट्या नर्सिंग होममधून बहुतेक वेळा जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजातच पाठवलं जातं, हे लक्षात असू द्या. उलट, साधं सुरळीत बाळंतपण छोट्या खासगी दवाखान्यात आपुलकीने होतं हेही खरं. म्हणून सरकारी की खासगी यापेक्षा त्या ठिकाणी काय होऊ शकतं ते पाहा.

प्राथमिक आरोग्य केंद्रात साधं बाळंतपण होतं, सिझर होत नाही. ग्रामीण रुग्णालयाची क्षमता तिथे भूलतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ नेमलेले आहेत का यावर ठरते. पाटीवर जाऊ नका, चौकशी करा. उपजिल्हा, जिल्हा आणि स्त्री रुग्णालयात सिझरची सोय असते. जिल्हा रुग्णालयात आजारी नवजात बाळांसाठी वेगळा कक्ष असतो. मुंबईत महापालिकेची प्रसूतिगृहं साध्या बाळंतपणासाठी आहेत, आणि गुंतागुंत झाली की केईएम, सायन, नायर किंवा परळचं वाडिया.

सरकारी ठिकाणी जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून) बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या आणि रक्त मोफत आहे. नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण मिळतं; घरून आणणं, दुसऱ्या रुग्णालयात नेणं आणि परत सोडणंही त्यातच आलं. तरीही कोणी बाहेरून औषध आणायची चिठ्ठी दिली, तर ते मोफत यादीत का नाही हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. गर्दी, एका खाटेवर दोघी, खेकसून बोलणं या तक्रारी खोट्या नाहीत. पण जिथे निवासी डॉक्टर रात्रभर जागे असतात अशी जागा शोधत असाल, तर ती बहुतेक वेळा हीच असते.

खासगीत नाव घालण्याआधी काय विचारायचं?

पहिल्यांदा हे: रात्री किंवा रविवारी कळा सुरू झाल्या तर मॅडम स्वतः येतात का, आणि गावाला गेल्या असतील तर कोण? भूलतज्ज्ञाला बोलावल्यापासून पोचायला किती वेळ लागतो? बाळाला श्वासाचा त्रास झाला तर बालरोगतज्ज्ञ इथे येतो की बाळाला हलवावं लागतं, आणि कुठे? रक्तपेढी किती लांब?

मग पैसे. "पॅकेज" हा शब्द ऐकून समाधान मानू नका. त्यात भूलतज्ज्ञाची फी, बालरोगतज्ज्ञाची फी, औषधं आणि बाळाच्या तपासण्या धरल्या आहेत का, आणि नॉर्मल ठरलेलं सिझर झालं तर फरक किती, हे लिहून मागा. बाळ अतिदक्षता कक्षात गेलं तर त्याचा दर दिवसाचा असतो आणि तो कोणत्याच पॅकेजात नसतो. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नियमांत २०२१ साली झालेल्या बदलांनुसार मुख्य सेवांचे दर आणि रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावायला हवी. भिंतीवर नसेल तर विचारा. उत्तर कसं मिळतं त्यावरून बरंच काही समजतं.

आमच्या पाड्यावर अजून घरीच बाळंतपणं होतात. दाई अनुभवी आहे.

दाईचा अनुभव खरा आहे, पण बाळंतपणानंतर रक्त थांबेना झालं तर अनुभवी हातांनाही इंजेक्शन, सलाईन आणि रक्त लागतं, आणि ते काही मिनिटांच्या हिशेबात लागतं. महाराष्ट्रात आता जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. उरलेल्या कुटुंबांपैकी अनेकांची अडचण हट्टाची नसून रस्त्याची आणि नदीची असते.

गडचिरोली, मेळघाटासारख्या आदिवासी भागांत काही आरोग्य केंद्रांजवळ "माहेरघर" आहे: दिवस भरत आले की चार-पाच दिवस आधीच तिथे येऊन राहायचं, सोबत एखादं नातलग आणि लहान मूलही चालतं. आशाताईंशी आठव्या महिन्यातच बोला. दाईला सोबत घेऊन जा, म्हणजे ओळखीचा हात पाठीवर राहतो. पावसाळ्यात तारीख येत असेल तर आणखी आधी निघा.

नॉर्मलच करायचं आहे. डॉक्टर मुद्दाम सिझर करतात, असं म्हणतात.

संशय अगदीच बिनबुडाचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी रुग्णालयांत ४७ टक्क्यांहून जास्त, तर सरकारीत १४ टक्क्यांच्या आसपास बाळंतपणं सिझरने झाली. एवढी तफावत नुसत्या गुंतागुंतीच्या केसेसमुळे पडत नाही. पण म्हणून तुम्हाला सांगितलेलं सिझर खोटं आहे असंही ठरत नाही. वार तोंडावर असेल, बाळ आडवं असेल, ठोके उतरून परत चढत नसतील तर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

विचारायचं ते नववा लागण्याआधी: "तुमच्याकडे पहिलटकरणींपैकी साधारण कितीजणींचं सिझर होतं? माझं कोणत्या कारणांसाठी कराल?" ऐनवेळी विचारायचं ते एवढंच: "आत्ता लगेच करायला हवं की थोडी वाट बघता येईल?" "नाळेचा वेढा आहे" एवढ्यावरच आधीपासून तारीख दिली जात असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. मानेभोवती सैल वेढा पुष्कळ बाळांना असतो आणि ती नॉर्मल जन्मतात.

गुरुजींनी मुहूर्त काढून दिला आहे. त्या दिवशी सिझर करता येईल?

सिझर वैद्यकीय कारणाने ठरलेलंच असेल आणि ३९ आठवडे पूर्ण झाले असतील, तर त्या आठवड्यातला कोणताही दिवस निवडा, डॉक्टर बहुतेक ऐकतात. पण चांगल्या नक्षत्रासाठी ३७ व्या आठवड्यात बाळ बाहेर काढू नका. फुप्फुसं पुरती तयार नसली की बाळ श्वास ओढत काचेच्या पेटीत जातं. पहाटे चारचा मुहूर्त तर कोणत्याच गुरुजींनी देऊ नये. त्या वेळी रुग्णालयात माणसं सगळ्यात कमी असतात.

पहिलं सिझर झालं. दुसरं नॉर्मल होऊ शकतं?

होऊ शकतं. आधीचा छेद गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा असेल, पहिल्या वेळचं कारण आता नसेल आणि मध्ये पुरेसं अंतर असेल, तर प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या साठ ते ऐंशी जणींना जमतं. जुना व्रण उसवण्याचा धोका साधारण दोनशेत एकीला. आकडा छोटा आहे, पण उसवलाच तर मिनिटांत ऑपरेशन लागतं. त्यामुळे हा प्रयत्न फक्त चोवीस तास ऑपरेशनची तयारी असलेल्या ठिकाणीच. पहिल्या वेळचं डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवा. पोटावरचा व्रण पाहून आतला छेद कळत नाही.

कळा सोसवतील का? इंजेक्शनने दुखणं थांबतं म्हणे.

पाठीच्या कण्याजवळ बारीक नळी घालून देतात, त्याला एपिड्युरल म्हणतात. दुखणं बरंच कमी होतं, बाई शुद्धीवर असते. त्याने सिझरचं प्रमाण वाढत नाही, मात्र जोर द्यायचा काळ थोडा लांबू शकतो. भूलतज्ज्ञ हजर लागतो, म्हणून मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांतच सहज मिळतं. ते न मिळणाऱ्या ठिकाणी चालणं, कुशीवर होणं, कमरेवर शेक आणि ओळखीचं माणूस जवळ असणं या गोष्टींनीही फरक पडतो.

लेबर रूममध्ये आईला किंवा नवऱ्याला आत घेतात का?

केंद्र सरकारने २०१६ पासून सरकारी रुग्णालयांतही सोबतीणीला परवानगी दिली आहे. शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली बाई असावी अशी अपेक्षा असते. आडोसा असेल तिथे नवराही चालतो. प्रत्यक्षात ते त्या दिवशीच्या ड्युटीवर असलेल्यांवर ठरतं, म्हणून आधी विचारून ठेवा.

लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं. बंद केल्या तर?

बंद करू नका, वेळ बदला. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर तितकेच दिवस पुन्हा. रात्री जेवणानंतर तासाभराने लिंबूपाण्याबरोबर घेतली तर पुष्कळजणींना सोसते. चहाबरोबर नको, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर मुळीच नको. दोन्ही एकत्र घेतल्या की लोह अंगी लागत नाही. शौचाला काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पैशाची मदत कोणती मिळते?

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये एकरकमी. उत्पन्न आणि प्रवर्गाच्या अटी आहेत. अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे चौकशी करा. जननी सुरक्षा योजनेत दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांना ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. खातं बाईच्या स्वतःच्या नावाचं हवं. अर्ज अडकतात ते बहुतेक इथेच.

विम्याबद्दल एकच: दिवस गेल्यावर घेतलेली पॉलिसी या बाळंतपणाला उपयोगी पडत नाही. वैयक्तिक पॉलिसीत बहुधा दोन ते चार वर्षं थांबावं लागतं. ऑफिसच्या गट विम्यात पहिल्या दिवसापासून मिळू शकतं, पण मर्यादा पाहा आणि बाळाचं नाव कधीपर्यंत घालायचं ते एचआरला विचारा.

रजा किती?

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत, मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलं असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे भरपगारी. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे तारखेआधी घेता येतात. दोन मुलं हयात असतील तर पुढच्या वेळी १२ आठवडे. कंत्राटी आहे म्हणून हक्क नाही, हे खरं नाही.

कोणत्या वेळी लगेच निघायचं?

रक्त जाणं, पाणी जाणं, डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर एकाएकी सूज, झटके, ताप, आणि बाळाची हालचाल मंदावणं. शेवटच्या महिन्यांत जेवून डाव्या कुशीवर पडल्यावर दोन तासांत दहा हालचाली लागल्या नाहीत, तर सकाळची वाट बघू नका. "बाळ झोपलं असेल" हे घरातल्या कोणाचंही मत तिथे चालवून घेऊ नका.

१०८ ला फोन करा. गरोदर बायकांसाठी १०२ ही आहे. शिवाय गावातल्या एका गाडीवाल्याशी आधीच बोलून ठेवा, रात्री फोन उचलणाऱ्याशी.

नाळेतलं रक्त साठवून ठेवणारे एजंट मागे लागलेत. घ्यावं का?

नको. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) अशा खासगी साठवणीची शिफारस केलेली नाही. स्वतःच्याच साठवलेल्या रक्ताचा स्वतःला उपयोग होण्याची वेळ फार क्वचित येते, आणि हप्ते मात्र वर्षानुवर्षं. तेच पैसे बाळ पेटीत ठेवावं लागलं तर म्हणून बाजूला काढा.

पिशवीत काय भरू?

फाइल, आधार कार्ड, बँकेच्या पासबुकाची प्रत, पुढून उघडणारे दोन गाऊन, सुती जुनी लुगडी, पॅड, बाळाची दुपटी, टोपडं, फोनचा चार्जर. बाळाला चाटवायला मध किंवा गुटी नको. पहिल्या तासातच अंगावर घ्यायचं, सिझर असलं तरी. पिवळसर चीक पिळून टाकू नका.

जन्मदाखला कधी काढायचा?

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. रुग्णालयात बाळंतपण झालं असेल तर ती रुग्णालयच कळवतं. डिस्चार्जआधी फॉर्ममधलं आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधारशी ताडून पाहा, नंतरची दुरुस्ती वेळखाऊ असते. बारसं झालेलं नसलं तरी नोंद थांबवू नका, नाव वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. माहेरी बाळंतपण झालं असेल तर तो माहेरच्या ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून मिळेल, सासरच्या नाही.